कोपरा कापला की दोन दिवस बरं, मग पुन्हा तेच

प्रश्न : माझा मुलगा १६ वर्षांचा आहे, फुटबॉल खेळतो. गेले तीन महिने त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख दुसऱ्या बोटाकडच्या बाजूने मांसात रुततंय. दर आठ-दहा दिवसांनी मी नेलकटर आतपर्यंत घालून कोपरा कापून काढते. दोन-तीन दिवस त्याला बरं वाटतं, मग पुन्हा ठणका सुरू. आता तिथे लालबुंद मांस वर आलंय. मोजा घासला तरी रक्त येतं आणि मोज्यावर पिवळट डाग पडतात. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. गोळ्या संपल्या की आठवड्याभरात पहिले पाढे पंचावन्न. एका डॉक्टरांनी नख पूर्ण काढून टाकू असं सुचवलंय. मैत्रीण म्हणते, नखाच्या मधोमध व्ही आकाराची खाच पाड, म्हणजे कडा आपोआप आत ओढल्या जातील. नेमकं काय करू? शिवाय माझ्या सासूबाईंच्याही अंगठ्याचं नख एका बाजूला आत गेलंय. त्यांना मधुमेह आहे, पण दुखत नाही म्हणतात. मुलासाठी जे सांगाल ते त्यांनाही चालेल का?

उत्तर : आधी सासूबाईंचं, कारण खरी घाई तिथे आहे.

मुलासाठी जे सांगणार आहोत त्यातलं काहीही त्यांच्यावर घरी करू नका. ‘दुखत नाही’ हे ऐकून तुम्हाला हायसं वाटलं असेल, पण मधुमेह असलेल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य काळजीचं असतं. जुन्या मधुमेहात पायाच्या नसांची जाणीव कमी होत जाते. नख मांसात घुसलेलं असतं, आत पू धरलेला असतो आणि तरी ठणका लागत नाही. त्यात बोटांपर्यंत रक्त कमी पोचत असेल तर साधी जखमही भरत नाही, चिघळते. म्हणून त्यांचं नख कापणं, कोपऱ्याखाली कापूस घालणं, पाय पाण्यात बुडवून शेकणं, भोवरीच्या पट्ट्या लावणं, यातलं काहीच नको. भोवरीच्या पट्टीत आम्ल असतं, ते धडधाकट कातडीही जाळतं. गरम पाण्याचा अंदाज त्यांच्या पायाला येणार नाही आणि भाजलं तरी कळणार नाही.

आज उजेडात बसवून त्यांचा अंगठा नीट बघा. दुसऱ्या पायाच्या अंगठ्याशी ताडून बघा : लाल आहे का, गरम लागतो का, सुजलाय का, ओल किंवा वास आहे का, कातडी काळी-निळी पडली आहे का. यातलं एक जरी दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. काहीच दिसलं नाही तरी या आठवड्यात दाखवा. तिथे पायाची जाणीव तपासली जाईल, घोट्याजवळच्या नाड्या बघतील आणि गरज वाटली तर घोट्याचा व दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचं गुणोत्तर काढतील. बोटापर्यंत रक्त पुरेसं येतंय की नाही हे ठरल्याशिवाय त्या नखाला हत्यार लावायचं नसतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आधीच सांगा. स्वतःहून बंद मात्र करू नका. वयस्कर माणसांत नख जाड होऊन, कधी बुरशीने पोखरून, दोन्ही कडांनी नळीसारखं वळतं. अशा वेळी ते यंत्राने घासून पातळ केलं तरी पुष्कळदा भागतं. तोवर त्यांना पांढरे किंवा फिक्या रंगाचे मोजे घालायला द्या. जाणीव नसलेल्या पायाची पहिली चाहूल मोज्यावरचा डागच देतो.

आता मुलाकडे वळू.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही ओघात लिहून गेलात : ‘कोपरा आतपर्यंत जाऊन कापते, दोन-तीन दिवस बरं वाटतं.’ दुखणं त्याच्याभोवतीच फिरतंय.

पायाच्या नखाच्या दोन्ही बाजूंना कातडीची एक खोबण असते. दाराचा पट चौकटीच्या खाचेत सरकावा तसं नख त्या खोबणीतून पुढे सरकतं. नख बोटाच्या टोकापर्यंत पोचलेलं असेल तर त्याची कड खोबणीत सपाट बसते आणि मांसाला टोचत नाही. कोपरा तिरका, आतवर कापला की दोन गोष्टी घडतात. पहिली, कापलेल्या जागी मांसाला दाबून धरणारं काही उरत नाही, म्हणून ते फुगून मोकळ्या जागेत वर येतं. दुसरी जास्त वाईट. नेलकटरचं पातं खोबणीच्या तळापर्यंत पोचतच नाही. तुम्हाला वाटतं कोपरा निघाला, पण अगदी कडेला एक बारीक, टोकदार तुकडा न कापता तसाच राहतो. धान्याच्या कुसळासारखा. दोन-तीन दिवस तो मोकळा असतो म्हणून आराम. मग नख पुढे सरकतं, कुसळही सरकतं आणि समोर फुगून बसलेल्या मांसात घुसतं. पुढच्या वेळी दुखतं म्हणून तुम्ही आणखी आत कापता आणि कुसळ आणखी मागे तयार होतं. तीन महिन्यांत दर आठ-दहा दिवसांनी, म्हणजे नऊ-दहा वेळा हे झालं असेल. यात तुमचा हलगर्जीपणा नाही. लगेच आराम मिळतो म्हणून जवळपास प्रत्येक घरात हेच केलं जातं.

वय आणि खेळ त्यात भर घालतात. १२ ते २० च्या वयात पायांना घाम जास्त येतो, सतत ओली राहिलेली कातडी मऊ पडते आणि मऊ कातडीत नख सहज शिरतं. फुटबॉलच्या बुटात बोटं दाबलेली असतात, चेंडूला मारताना नख मागे रेटलं जातं, अचानक थांबताना अंगठा बुटाच्या टोकावर आपटतो. एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण विचारायलाच हवी : मुरुमांसाठी त्याच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू आहेत का? या औषधाने कातडी नाजूक होते आणि नखाच्या कडेला असं लाल मांस वाढणं हा त्याचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. चालू असतील तर ज्यांनी दिल्या त्यांना अंगठ्याबद्दल सांगा.

ते लालबुंद मांस म्हणजे ग्रॅन्युलेशन टिश्यू. जखम भरून काढायला शरीर जे नवं मांस तयार करतं, तेच. आत टोचणारं कुसळ निघत नाही म्हणून जखम भरत नाही आणि शरीर मांस तयार करत राहतं. त्यात बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असल्याने मोजा घासला तरी रक्त येतं. या दुखण्याच्या ढोबळ तीन पायऱ्या मानतात : आधी नुसती लाली, सूज आणि दाबल्यावर दुखणं, मग ओल आणि पू, शेवटी असं वर आलेलं मांस आणि जाड झालेली बाजू. तुमचा मुलगा तिसऱ्या पायरीवर आहे. हे नीट लक्षात घ्या, कारण घरगुती उपायांबद्दल जे वाचायला मिळतं त्यातलं बहुतेक पहिल्या पायरीपुरतं असतं.

अँटिबायोटिकचा तिसरा कोर्स नको. बोटात काटा मोडला असताना तो न काढता गोळ्या घेतल्यासारखं आहे ते. जंतू कमी होतात, लाली उतरते, पण काटा जागेवरच. इथे कुसळ निघालं की बहुतेक वेळा अँटिबायोटिकशिवायच पू थांबतो. गोळ्या केव्हा हव्यात? लाली अंगठ्यावरून पावलाकडे पसरत असेल, पायावर लाल रेघ चढताना दिसत असेल, ताप असेल, किंवा सासूबाईंसारखं दुखणं पाठीशी असेल तेव्हा. मुलाला यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दाखवायला न्या.

मैत्रिणीची व्ही आकाराची खाच निरुपयोगी आहे. समजूत फार जुनी आणि सगळीकडे पसरलेली, पण नखाच्या वाढीशी तिचा मेळ बसत नाही. नख तयार होतं ते मुळाशी, कातडीखाली. पुढे दिसतो तो भाग निर्जीव असतो. टोकाला काय केलंय हे त्याला कळत नाही आणि खाच भरून काढायला कडा मधोमध सरकत नाहीत. खाच फक्त मोज्यात अडकते आणि कधी नख तिथून उभं चिरतं.

पूर्ण नख काढण्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण डॉक्टरांनी सुचवलंय म्हटल्यावर तुम्ही तेच करायच्या बेतात असाल. पूर्ण नख काढलं की ठणका ताबडतोब थांबतो, यात शंका नाही. पण पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतं आणि पूर्ण यायला १२ ते १८ महिने लागतात. तेवढ्या काळात वरून दाब नसल्याने बोटाच्या टोकाचं मांस वर उचललं जातं आणि नवं नख पुढे येताना त्या मांसाच्या भिंतीला धडकतं. शिवाय कडेला नख तयार करणारं मूळ शाबूत असतं, म्हणजे नख त्याच रुंदीचं, त्याच खोबणीत परत येतं. नुसतं नख काढलेल्या निम्म्याहून जास्त जणांना पुन्हा तोच त्रास होतो. नखाखाली गाठ असेल किंवा सगळं नख सुटून आलं असेल तर पूर्ण नख काढायला कारण असतं. एका कडेने रुतलेल्या नखासाठी सगळ्या नखाचा बळी कशाला?

त्याच्याऐवजी विचारा ते हे : रुतलेल्या कडेची फक्त २ ते ४ मिलिमीटर रुंदीची पट्टी मुळापर्यंत काढायची आणि तेवढ्याच जागेचं मूळ फिनॉल या कातडी जाळणाऱ्या रसायनाने जाळायचं. याला आंशिक नख काढणं आणि मॅट्रिक्सेक्टॉमी म्हणतात. त्वचारोगतज्ज्ञ, सर्जन किंवा पायांचे तज्ज्ञ म्हणजे पोडियाट्रिस्ट हे करतात. ‘तुम्ही मुळाला फिनॉल लावता का, की नुसती कड कापता?’ हा एकच प्रश्न विचारलात तरी पुरे. नुसती कड कापली, तर आज घरी जे होतंय तेच दवाखान्यात जरा खोलवर होईल.

मुलाला आधीच सांगून ठेवा, म्हणजे तो घाबरणार नाही. अंगठ्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंना भुलीची इंजेक्शनं देतात. यातलं सगळ्यात दुखणारं तेवढंच. औषध आत जाताना काही सेकंद आग होते. पाच-दहा मिनिटांत बोट बधिर होतं. नंतर ओढल्यासारखं, दाबल्यासारखं जाणवेल, पण दुखता कामा नये. दुखलं तर त्याने तसं म्हणायचं, भूल वाढवता येते. मग अंगठ्याच्या मुळाशी रबरी पट्टा आवळतात. हे महत्त्वाचं आहे, कारण रक्त वाहत असेल तर फिनॉल पातळ होऊन मूळ अर्धवट जळतं. पुढे नखाच्या टोकापासून थेट मुळापर्यंत सरळ उभी चीर देऊन कडेची पट्टी चिमट्याने गुंडाळत ओढून काढतात आणि मुळाकडचं टोक अखंड आलंय का ते तपासतात. वर आलेलं मांसही खरवडून काढतात. आजूबाजूच्या कातडीला व्हॅसलीनसारखं काहीतरी लावून सुमारे ८० ते ९० टक्के तीव्रतेच्या फिनॉलमध्ये बुडवलेली कापसाची काडी मुळाच्या जागी दाबून धरतात, सगळी मिळून एक ते तीन मिनिटं. मग जागा धुतात, पट्टा सोडतात, बोट पुन्हा गुलाबी झालं की ड्रेसिंग करतात. टाका लागत नाही. सगळं अर्ध्या तासाच्या आसपास. फिनॉलने नसांची टोकंही मरतात, त्यामुळे भूल उतरल्यावर लोकांना वाटतं त्यापेक्षा बरंच कमी दुखतं. पॅरासिटामॉलवर बहुतेकांचं निभावतं. त्या दिवशी पाय उशीवर उंच ठेवायचा आणि घरी परतताना पुढून उघडी चप्पल न्यायची. जाड ड्रेसिंगवर बूट चढत नाही, हे दवाखान्याच्या दारात कळून उपयोग नाही.

यानंतरच्या दिवसांत बरीच घरं विनाकारण घाबरतात. फिनॉलने झालेली जखम ही रसायनाने भाजलेली जखम असते. तिच्यातून दोन ते चार आठवडे, क्वचित सहा, पिवळसर पाणचट लस येत राहते. हा पू नव्हे. पहिलं ड्रेसिंग डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे एक-दोन दिवसांनी काढायचं. चिकटलं असेल तर ओढू नका, कोमट पाण्यात भिजवून सोडवा. मग रोज साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने धुऊन, कोरडं करून, न चिकटणारी जाळी आणि वर हलकी पट्टी. हायड्रोजन पेरॉक्साइड रोज ओतू नका. ते फेसाळतं म्हणून स्वच्छता झाल्यासारखं वाटतं, पण नव्याने येणारी कातडीही त्याने मरते. तिसऱ्या दिवसानंतर ठणका कमी होण्याऐवजी वाढत गेला, लाली पसरली, लस घट्ट होऊन तिला वास येऊ लागला किंवा ताप आला, तर मात्र जंतुसंसर्ग समजून दाखवा. नुसत्या नख काढण्यापेक्षा फिनॉलनंतर असा संसर्ग थोडा जास्त होतो, हे कबूल करायला हवं. पण नख पुन्हा रुतण्याचं प्रमाण इतकं खाली येतं की तो सौदा फायद्याचाच आहे. नख कायमचं थोडं अरुंद दिसेल. दुसऱ्या पायाच्या अंगठ्याशी कोणी ताडून बघितल्याशिवाय लक्षातही येणार नाही.

मूळ जाळायची धास्ती वाटत असेल तर मधला एक मार्ग आहे. भूल देऊन कुसळ काढायचं आणि उरलेल्या कडेवर मऊ प्लास्टिकची बारीक नळी उभी चिरून खोळीसारखी चढवायची. सलाइनच्या नळीचा तुकडाही यासाठी वापरतात. नखाची कड नळीत, मांस नळीबाहेर. सहा-आठ आठवडे ती तशीच ठेवतात, तोवर नख मांसाच्या पुढे येतं. मूळ शाबूत राहतं, नख पूर्ण रुंदीचं राहतं. पण ज्याचं नख मुळातच वळणदार आहे त्याला हे पुरत नाही. पहिल्यांदाच रुतलेलं, सपाट नख असेल तर हा मार्ग आम्हाला आवडतो. तुमच्या मुलाचं नख कसं आहे ते समोरून, टोकाकडून बघा. कमान फार खोल नसेल तर डॉक्टरांशी याबद्दलही बोला.

दोन गोष्टी तपासून घ्यायला सांगा. तीन महिने पू येतोय आणि अंगठ्याला मारही बसत आलाय, म्हणून एक एक्स-रे. नखाखाली काही मिलिमीटरवरच हाड असतं. संसर्ग तिथवर गेलाय का आणि नखाखाली हाडाचा कोंब वाढून तोच नख उचलतोय का, हे त्यात कळतं. दुसरं, कुसळ काढल्यावर लाल मांस दोन-चार आठवड्यांत सुकून बसायला हवं. नाहीच बसलं, तर त्याचा तुकडा तपासणीला पाठवायचा. फार क्वचित, रंग नसलेला मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग अशाच लाल, रक्ताळ गोळ्याचं सोंग घेऊन बसतो. १६ व्या वर्षी ही शक्यता नगण्य आहे, पण सहज होणारी तपासणी टाळायला कारणही नाही.

डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंतच्या दिवसांत करायचं ते एवढंच. नेलकटर कपाटात ठेवा. रोज दोन-तीन वेळा १५ मिनिटं पाय कोमट पाण्यात बुडवू द्या. मीठ घातलं तर चालेल, नाही घातलं तरी फरक पडत नाही. खरं काम पाण्याचं आहे : साचलेली लस धुतली जाते, खपली सुटते. नंतर बोट नीट पुसून कोरडं करायचं. ओलं ठेवून मोजा चढवला तर शेकण्याचा सगळा फायदा गेला. फुटबॉल बंद, बंद बूटही शक्य तितके बंद.

आणि चिकटपट्टी. स्वस्त, बिनधोक आणि फार कमी लोकांना नीट येणारा उपाय. लवचीक कापडी चिकटपट्टी दीड-दोन सेंटिमीटर रुंद आणि पाच-सहा सेंटिमीटर लांब कापा. बोट कोरडं हवं. घामाचा पाय असेल तर जखम सोडून आजूबाजूची कातडी स्पिरिटने पुसा, नाहीतर पट्टी तासाभरात सुटते. पट्टीचं एक टोक सुजलेल्या मांसावर, नखाच्या कडेला अगदी खेटून चिकटवा. मांस ओलं असेल तर मध्ये पातळ जाळी. आता पट्टी ताणून त्या मांसाला नखापासून बाहेर आणि खाली ओढा, तसंच ओढलेलं धरून पट्टी बोटाच्या खालून तिरकी मागे न्या आणि पलीकडच्या बाजूने वर आणून अंगठ्याच्या बुडाकडे संपवा. नख झाकलं जाता कामा नये आणि दोन्ही टोकं एकमेकांवर येऊन कडं तयार होता कामा नये, कारण सूज वाढली तर ते बोट आवळेल. बरोबर बसली तर नख आणि मांस यांच्यात फट दिसते आणि ठणका तिथल्या तिथे कमी होतो. फट दिसत नसेल तर तुम्ही पट्टी नुसती गुंडाळलीत, ओढली नाहीत. रोज बदला. बोट पांढरं-निळं पडलं किंवा मुंग्या आल्या तर लगेच काढा.

कोपऱ्याखाली कापूस घालण्याचा उपाय मुलाला आत्ता नको, मांसाखाली कोपरा दिसतच नाहीये. पण डाव्या अंगठ्यावर लक्ष ठेवा. एका पायाला रुतलं की दुसऱ्यालाही पुष्कळदा रुततं. तिथे नुसती लाली आणि दाबल्यावर दुखणं असेल तेव्हा याचा उपयोग. पाय भिजवून नख मऊ झाल्यावर चिमूटभर कापूस वातीसारखा वळायचा, साधारण तीन मिलिमीटर जाड, आणि बोथट काडीने कोपऱ्याच्या खाली सरकवायचा, खोबणीच्या खोलात नव्हे. नख किंचित उचललं गेलं पाहिजे. रोज बदलायचा, कारण भिजलेला कापूस राहिला तर तोच कुजतो. सुई, टाचणी, कात्रीचं टोक यांनी हे करू नका. किती दिवस? कोपरा मांसाच्या चार मिलिमीटर मागे असेल तर दीड मिलिमीटरच्या हिशेबाने पावणेतीन महिने. बहुतेक लोक दोन आठवड्यांत दुखायचं थांबलं की सोडून देतात आणि महिन्याभरात पुन्हा तिथेच येतात.

नख कापण्याची पद्धत बदलली नाही तर इतर तीन कोपरे रांगेत उभेच आहेत. हातांची नखं गोल कापायची सवय पायांनाही लागते, शिवाय साध्या नेलकटरचं पातं वळणदार असल्याने न ठरवताही गोलाई येते. सरळ पात्याचा, शक्य तर पक्कडीसारखा कटर घ्या. नख आडवं, सरळ, दोन-तीन छोट्या घासांत कापा. एका दणक्यात कापलं तर चिरतं. कापून झाल्यावर दोन्ही कोपरे मांसाच्या वर, नजरेला दिसले पाहिजेत आणि नखाची लांबी बोटाच्या टोकाबरोबर. कोपऱ्याची धार फक्त कानशीने, एकाच दिशेने घासून बोथट करायची. नख फाडून काढणं सगळ्यात वाईट, कारण चीर नेमकी कडेला खोल जाते आणि कुसळ सोडते. या वयाची मुलं अभ्यासाला बसल्या बसल्या हे करत असतात, विचारून बघा. पायाची नखं हळू वाढतात. तीन-चार आठवड्यांतून एकदा कापली तरी पुरे. दर रविवारी हाताबरोबर पायाचीही कापली की ती हमखास जास्त आत जातात.

बुटांबद्दल खेळाडू मुलांशी वाद होतो. चेंडूचा अंदाज यावा म्हणून घट्ट बूट हवेत असं त्यांना वाटतं आणि अर्धा नंबर लहान घेतात. उभं राहून, खेळताना घालतो तेच मोजे घालून, लांब बोटापुढे एक सेंटिमीटर जागा हवी. मापं संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना घ्यायची, दोन्ही पायांची, आणि मोठ्या पायाप्रमाणे बूट. पुढचा भाग रुंदच नव्हे, उंचही हवा, नखावर वरून दाब येतो त्याचंही हेच दुखणं होतं. पुढे जागा आहे पण लेस सैल, तर पळताना पाऊल पुढे घसरून अंगठा टोकावर आदळतो. म्हणजे मोठा बूट घेऊनही काम होत नाही. लेस पावलाच्या माथ्यावर घट्ट बांधायची. या वयात पाय वाढतोय, तेव्हा दर तीन-चार महिन्यांनी माप पुन्हा. मोजे रोज धुतलेले आणि सरावानंतर लगेच बदललेले. बुटांच्या दोन जोड्या आलटून पालटून वापरता आल्या तर उत्तम, एक दिवसात बूट आतून सुकत नाही.

पुन्हा मैदानावर केव्हा? फिनॉल केलं असेल तर लस थांबून जागा कोरडी होईपर्यंत थांबायचं, बहुधा तीन-चार आठवडे. पोहणंही तोवर नको. पळायला आधी, चेंडूला मारायला नंतर. आणि पहिल्या दिवशी मैदानावरून आला की मोजा काढून दोन्ही अंगठे तुम्ही स्वतः बघा, कारण संघातून बाहेर बसायला नको म्हणून मुलं दुखतंय हे सांगत नाहीत.